‘सगळा देश बघून झाला, आता काय करू?’

पत्र:

ताई, मी ३३ वर्षांची, मूळची नाशिकची, लग्नानंतर पुण्यात एचआरमध्ये सात वर्षं नोकरी केली. नवऱ्याला लक्झेंबर्गला जॉब मिळाला म्हणून आम्ही मागच्या-मागच्या नोव्हेंबरात इथे आलो, आता १४ महिने झाले. मेर्शजवळ एका गावात भाड्याने राहतो. मुलगी पाच वर्षांची, गावच्याच शाळेत जाते. खरं सांगू का, सगळं छान आहे, हवा स्वच्छ, नवरा खूश, पण माझा जीव गुदमरतोय. पहिल्या चार महिन्यांतच सगळा देश बघून झाला. दुकानात गेलं की फ्रेंच, मुलीच्या शाळेत लक्झेंबर्गिश, टपालातली पत्रं जर्मन. मी फ्रेंचचा क्लास लावला, मग सोडला, मग लक्झेंबर्गिश सुरू केलं, ते पण सोडलं, आता मोबाईलवर जर्मन करते. नोकरी करायची तर माझं वेगळं परमिट लागेल असं इथल्या एका ओळखीच्यांनी सांगितलं म्हणून तो विषयच सोडला. आपल्या लोकांचा एक ग्रुप होता, तिथे गणपतीच्या कार्यक्रमाच्या हिशोबावरून मी एक प्रश्न विचारला आणि वाद झाला, तेव्हापासून कोणी बोलवत नाही आणि दुसरा ग्रुपच नाही इथे! त्यात गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी पत्रपेटीत चिठ्ठी टाकली की तुम्ही कचऱ्याच्या पिशव्या चुकीच्या दिवशी बाहेर ठेवता. मी त्या दिवशी खूप रडले. नवरा म्हणतो एवढं शांत आयुष्य मिळालंय, अजून काय पाहिजे. मीच कृतघ्न आहे का?

– एक वाचक

उत्तर:

नाही गं, कृतघ्न वगैरे काही नाहीयेस तू. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मला माझा इथला पहिला जानेवारी आठवला. मला इथे ११ वर्षं झाली. सकाळी साडेआठपर्यंत अंधार आणि संध्याकाळी पाच वाजायच्या आत पुन्हा अंधार, मधल्या वेळात मी खिडकीत उभी राहून समोरच्या रस्त्यावरून कोण जातंय ते बघायचे आणि कोणीच जायचं नाही. त्यामुळे तू जे लिहिलंयस ते मला नवीन नाही.

आधी त्या ‘देश बघून झाला’बद्दल बोलू, कारण मला वाटतं सगळी गाठ तिथेच बसलीय. हो, देश लहान आहे, २,५८६ चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या गोव्यापेक्षाही लहान, उत्तरेकडून दक्षिणेकडे फार तर ८२ किलोमीटर. शनिवार-रविवार फिरलं की चार महिन्यांत विआन्देनचा किल्ला, एश्टरनाख, शेंगेन, सगळं होतं. पण ते बघणं पाहुण्याचं बघणं झालं आणि पाहुण्याला कुठलंही गाव चार दिवसांत संपतंच. तू नाशिकमध्ये काय रोज नवीन काही बघायचीस का? तिथे तुला भाजीवाली ओळखायची, रिक्षावाला ओळखायचा, समोरच्या काकू दारातून हाक मारायच्या. तुला इथे बघायला जागा कमी पडत नाहीये, तुला इथे ओळखणारं कोणी नाहीये, आणि मला विचारशील तर लहान देशात हे मिळवणं मोठ्या देशापेक्षा सोपं असतं, फक्त आपण चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो. मी पण बसले होते.

चुकीचं ठिकाण म्हणजे काय ते सांगते. या देशात माणसं साधारण पावणेसात लाख, त्यातले जवळजवळ निम्मे तुझ्या-माझ्यासारखे परदेशी नागरिक. आणि त्याशिवाय रोज सकाळी फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून दोन लाखांहून जास्त माणसं इथे कामाला येतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी परत जातात. म्हणजे तुला दिवसभरात जी माणसं भेटतात, सुपरमार्केटमधली कॅशियर, दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, बँकेतला मुलगा, त्यातली कितीतरी इथे राहतच नाहीत! त्यांची मैत्री, त्यांचं घर, त्यांची मुलं सीमेपलीकडे. तू त्यांच्याशी हसून बोललीस तरी सहाच्या ट्रेनने ती जाणार. मला हे कळायला तीन वर्षं लागली, तोपर्यंत मी समजत होते की इथले लोकच थंड आहेत. जे खरोखर इथे राहतात ते तुला शहरातल्या दुकानांत नाही भेटणार, ते गावात भेटतात, गावच्या बँडमध्ये, कोरसमध्ये, फुटबॉल क्लबच्या कँटीनमध्ये, शाळेच्या फाटकाशी. आणि तू तर गावातच राहतेस, म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे.

आता त्या चिठ्ठीकडे येते, कारण मला ती चिठ्ठी तुझ्या सगळ्या पत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटली. रागावू नकोस. हे बघ, खालच्या आजींना खरंच त्रास द्यायचा असता तर त्यांनी घरमालकाला फोन केला असता, नाहीतर कम्यूनच्या, म्हणजे इथल्या गावपालिकेच्या, ऑफिसात तक्रार केली असती. त्यांनी स्वतः कागद घेतला, पेन घेतलं, तुला कळावं म्हणून लिहिलं आणि स्वतः पेटीत टाकलं. तुझ्या घरात १४ महिन्यांत या देशातल्या किती माणसांनी स्वतःच्या हाताने तुला काही लिहिलंय? आपल्याकडे कोणी असं लिहून दिलं तर अपमान वाटतो, कारण आपण दारात येऊन सांगतो, भांडतो आणि मग चहा पितो, कागद आला म्हणजे प्रकरण पार हाताबाहेर गेलं असा आपला हिशोब असतो. इथे उलट आहे, दारावर येऊन सांगणं त्यांना आगाऊपणा वाटतो म्हणून चिठ्ठी. आणि कचरा ही इथे खरंच गंभीर गोष्ट आहे, प्लास्टिक-डब्यांची ती निळी पिशवी वेगळी, कागद वेगळा, काच वेगळी, आणि प्रत्येकाचा दिवस कम्यूनच्या कॅलेंडरवर छापलेला असतो. आपल्याकडे घंटागाडी रोज यायची, चुकली तरी उद्या होतीच. इथे पिशवी चुकीच्या दिवशी ठेवली तर ती पुढच्या फेरीपर्यंत तिथेच पडून राहते, वाऱ्याने उडते, मांजर फाडते, आणि तुझ्या दाराखालच्या अंगणाला आजी रोज झाडू मारत असणार.

तर तू काय कर, ते कॅलेंडर हातात घे आणि आजींची बेल वाजव. दुपारी चार-साडेचारला जा, जेवायच्या वेळेला नको. माफी मागत बसू नकोस, त्यांना विचार की मला हे नीट समजत नाहीये, जरा दाखवाल का. सोबत थोडी नानकटाई नाहीतर शंकरपाळे ने, तिखट काही नको पहिल्याच दिवशी. भाषा नाही आली तरी चालेल, कॅलेंडर हातात असलं की बोट दाखवूनही काम होतं. माणसाला मदत मागितली की त्याला आपल्याबद्दल आपुलकी वाटायला लागते, हे मी खूपदा बघितलंय, माझ्या शेजारच्या आजोबांशी माझी ओळख बर्फ साफ करायच्या फावड्यावरून झाली. रस्त्याकडेच्या फुटपाथवरचा बर्फ ज्याच्या घरासमोर आहे त्याने काढायचा असतो हे मला माहीतच नव्हतं, त्यांनी फावडं आणून भिंतीला टेकवून ठेवलं, काही बोलले नाहीत. मी दोन दिवस त्यावर कुढत बसले होते. आज त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असते.

भाषेचं. तीन भाषा एकदम शिकायला गेलीस तर तिन्ही हातातून जातील, तेच झालंय. १९८४ च्या कायद्याने इथे लक्झेंबर्गिश ही राष्ट्रभाषा आणि कारभाराला फ्रेंच, जर्मन, लक्झेंबर्गिश तिन्ही, पण कायदे लिहिले जातात फ्रेंचमध्ये. इथला माणूस लहानपणापासून या तिन्हींत वाढतो, त्याच्याशी तुलना करून तुला स्वतःला ढ ठरवायची काही गरज नाही. एकच निवड आणि एक वर्ष तिलाच धरून राहा. आता कुठली हे माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी फ्रेंच. कारण तुला नोकरी करायचीय (तू लिहिलं नाहीस पण ‘विषयच सोडला’ या दोन शब्दांत मला ते दिसलं), दुकान, डॉक्टर, फॉर्म सगळीकडे फ्रेंच चालतं आणि एचआरच्या बहुतेक कामाला इथे इंग्रजीबरोबर फ्रेंच मागतातच. माझ्या ओळखीतल्या दोघीजणी म्हणतील की आधी लक्झेंबर्गिश शीक, तीच मनाची भाषा आहे, आणि त्यांचंही चुकीचं नाही, पण तुझ्या घरात लक्झेंबर्गिश रोज शाळेतून चालत येतेय, त्याचा वेगळा क्लास सध्या नको. मुलीकडून रोज एक वाक्य घे. आणि एक वाक्य मी देते, ‘एश लेइरे लेत्सेबुएर्गेश’, म्हणजे मी लक्झेंबर्गिश शिकतेय. शाळेच्या फाटकाशी सकाळी ‘मोइयेन’, म्हणजे इथला नमस्कार, म्हण आणि हे वाक्य एकदा कोणालातरी म्हणून बघ. चार-पाच लाख माणसांच्या भाषेला कोणी बाहेरचा हात लावतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ना, ते आपण मराठी माणसं नीट समजू शकतो, कोणी परदेशी माणूस ‘कसं काय’ म्हणाला की आपण कसे विरघळतो ते आठव.

क्लासेससाठी नॅशनल लँग्वेज इन्स्टिट्यूट आहे, पण त्याआधी तुझ्या कम्यूनमध्ये चौकशी कर, बरीच कम्यून्स स्वतःच संध्याकाळचे वर्ग घेतात आणि तिथे तुझ्याच गावातली माणसं बसलेली असतात, हा त्याचा मोठा फायदा. २०२४ पासून ‘बियर्गरपाक्ट’ नावाची योजना पण आहे, इथे राहणारा किंवा काम करणारा कोणीही मोठा माणूस त्यात नाव घालू शकतो, भाषेचे कोर्स सवलतीत मिळतात आणि देश कसा चालतो याची माहिती देतात. आणि पुढे नोकरी लागली की लक्झेंबर्गिश शिकायला एकूण २०० तासांपर्यंत रजा मिळायची सोय आहे, म्हणजे ती भाषा कुठे पळून जात नाहीये.

आता परमिट. हे नीट वाच. तुला ज्यांनी सांगितलं त्यांची माहिती जुनी आहे. पूर्वी खरंच तसं होतं, कुटुंबातल्या सदस्याच्या परमिटवर आलेल्या जोडीदाराला नोकरीसाठी वेगळी परवानगी काढावी लागायची. १ सप्टेंबर २०२३ पासून तो नियम बदलला, आता कौटुंबिक परमिट असलेल्यांना थेट काम करता येतं, नोकरी पण आणि स्वतःचा व्यवसाय पण. तू त्यानंतर आलीस. म्हणजे तू १४ महिने एका बंद नसलेल्या दारासमोर बसून राहिलीस आणि याचं मला खूप वाईट वाटलं. आज रात्रीच तुझं परमिटचं कार्ड हातात घे, त्यावर कुठल्या प्रकारचं परमिट आहे ते वाच, सरकारच्या गिशे वेबसाइटवर (इंग्रजीतही आहे) त्या प्रकाराखाली काय लिहिलंय ते बघ, आणि मग आडेम म्हणजे इथलं रोजगार कार्यालय, तिथे नाव नोंदव. लगेच एचआरच मिळेल असं मी म्हणणार नाही, बाजार लहान आहे आणि भाषा आडवी येते, पण पहिलं काम कुठलंही असलं तरी त्याने तुझा दिवस भरतो आणि फ्रेंच चौपट वेगाने सुधारतं. आणि एक, लहान देशात ओळखीचीच कोणी इमिग्रेशनची वकील होते आणि ओळखीचाच कोणी टॅक्सचा तज्ज्ञ होतो, ऐकीव माहिती इतक्या वेळा फिरते की ती खरी वाटायला लागते. कागदाची गोष्ट कागदावरच तपासायची.

ग्रुपचं प्रकरण नाजूक आहे. पुण्यात एका सोसायटीत बिनसलं तर माणूस दुसऱ्या भिशीत जातो, इथे काही हजार भारतीय आणि त्यात मराठी घरं अगदीच मोजकी, म्हणून इथे एक भांडण म्हणजे सगळाच पाट उलटल्यासारखं होतं. हिशोब विचारलास यात तुझं चुकलं नाही. पण कुठे विचारलास? व्हॉट्सॲपवर सगळ्यांसमोर विचारला असशील तर ज्या बाईने महिनाभर आरासाचं सामान जर्मनीतल्या ट्रियरहून बसने वाहून आणलं तिला ते चोरीचा आरोप वाटला असणार, असं माझा अंदाज सांगतो. ती एक बाई कोण ते तुला माहीत आहे. ग्रुपला काही लिहू नकोस, तिलाच फोन कर आणि भेटायला जा, हिशोबाचा मुद्दा पुन्हा न उकरता एवढंच म्हण की तुझ्या कष्टांबद्दल मी आधी बोलायला हवं होतं. ती वितळली तर उत्तम, नाही वितळली तरी पुढच्या वर्षी आरतीला तुम्ही एकाच खोलीत उभ्या राहू शकाल, आणि इथे तेवढं पुष्कळ असतं कारण तीच माणसं तुला बालवाडीच्या स्नेहसंमेलनात, दाताच्या डॉक्टरकडे, ट्रॅममध्ये, सगळीकडे भेटणार आहेत. रागाने ग्रुप सोडू नकोस. आणि परत बोलवायला लागले तरी आठवड्याचे सगळे दिवस त्यांना देऊ नकोस.

नवऱ्याबद्दल थोडंच लिहिते. तो वाईट माणूस नाही, तो दिवसभर किर्शबर्गला ऑफिसात पन्नास माणसांशी बोलून येतो, त्याला घरी शांतताच हवी असते. ‘मला कंटाळा येतो’ असं सांगितलंस तर तो फिरायला घेऊन जाईल आणि तुला वाटेल की याला कळलंच नाही. ‘मला दिवसभर कोणी नावाने हाक मारत नाही’ असं सांग. त्याला क्रिकेट आवडत असेल तर मेर्शहून शहराकडे जाणाऱ्या लाइनवरच वाल्फरदांज आहे, तिथे चक्क क्रिकेटचं मैदान आहे, पिएर वेर्नर या माजी पंतप्रधानांच्या नावाचं, उन्हाळ्यात तुम्ही तिघं जा, तिथे बाउंड्रीवर बसणाऱ्या बायकांमध्ये मला माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मिळाली आणि ती भारतीय नाहीये.

अंधाराचं मात्र हलकं घेऊ नकोस. डिसेंबर-जानेवारीत रोज बारा ते दोनमध्ये घराबाहेर पड, पाऊस असला तरी. २९ फेब्रुवारी २०२० पासून या देशात बस, ट्राम आणि ट्रेनचा सेकंड क्लास सगळ्यांना फुकट आहे, तिकीट नाही, पास नाही, कार्ड दाखवायचं नाही, आणि तरी किती जणी दिवसभर घरात बसून असतात बघ. पण नवनवीन ठिकाणी जाऊ नकोस, ते तू केलंस. एकच ठिकाण पकड, तोच वार, तीच वेळ. मी पहिल्या वर्षी दर शनिवारी शहरात प्लास गियोमच्या बाजारात एकाच शेतकऱ्याकडून भाजी घ्यायचे, पाच आठवडे तो नुसता पैसे मोजायचा, सहाव्या आठवड्यात मी उशिरा पोचले तर त्याने माझ्यासाठी पालकाची जुडी बाजूला ठेवली होती. मी ट्रेनमध्ये ती जुडी मांडीवर घेऊन रडले होते, तू चिठ्ठीवर रडलीस तशीच, पण वेगळ्या कारणाने. आणि हे अंधाराचं महिनोन् महिने उतरलं नाही, झोप गेली, जेवण गेलं तर सरळ डॉक्टरकडे जा, तिथे संकोच नको.

पत्रपेटीत कम्यूनचं जे चकचकीत मासिक येतं ते टाकून देतेस ना? सगळेच देतात. मोबाईलचा कॅमेरा धरून भाषांतर करून वाच. त्यात गावात कुठल्या शनिवारी काय आहे ते सगळं असतं, योगाचे वर्ग, शेजाऱ्यांची जेवणावळ, जुन्या कपड्यांचा बाजार, आणि कार्निव्हलनंतरच्या रविवारी ‘बुएर्गब्रेनेन’ची जाहिरात. गावाबाहेरच्या टेकाडावर लाकडं-गवत रचून मोठा जाळ करतात, हिवाळा घालवायला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला होळीच वाटली, फक्त बोंब मारणारं कोणी नव्हतं. आणि मे-जूनमध्ये, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या मंगळवारी, एश्टरनाखला ती नाचत जाणारी मिरवणूक निघते, पांढऱ्या रुमालांची टोकं धरून ओळीच्या ओळी एकाच चालीवर उड्या मारत संताच्या समाधीपर्यंत जातात. तू एश्टरनाख बघितलंस, पण त्या मंगळवारी गेली नसशील. जा एकदा, दिंडीतली पावली ज्याने बघितलीय त्याला ते कोणी समजावून सांगावं लागत नाही. आणखी एक, गावाच्या निवडणुकीत परदेशी माणसाला मत देता येतं आणि त्यासाठीची पाच वर्षं राहण्याची अट २०२२ मध्ये काढून टाकली, कम्यूनच्या ऑफिसात गेलीस की मतदार यादीत नाव घालूनच ये.

मुलीशी मराठीतच बोल. ती लक्झेंबर्गिशमध्ये उत्तर देईल, देऊ दे, तू मराठीच चालू ठेव. पुढे सहा वर्षांची झाली की शाळेत लिहा-वाचायला बहुतेक जर्मनमधून शिकवतात (२०२२ पासून काही शाळांत फ्रेंचमधूनही सुरू झालंय), तेव्हा तुला वाटेल की आता घरात मराठी बंद करून तिला जर्मन शिकवावं. ते करू नकोस. जर्मन शिकवायला शाळा आहे.

आणि २ फेब्रुवारी जवळ आलीय. त्या दिवशी इथे लिश्तमेसदाग असतो, संध्याकाळी गावातली पोरं हातात कंदील घेऊन दारोदार गाणं म्हणत फिरतात आणि लोक त्यांना गोळ्या-चॉकलेटं देतात, आपल्याकडे भोंडल्याला पोरी घरोघर खिरापतीला जायच्या तसंच काहीसं. गेल्या वर्षी तू नवीन होतीस, तुला माहीत नसणार, दाराची बेल वाजली असेल आणि तू उघडलं नसशील. या वर्षी घरात गोळ्या आणून ठेव. लेकीला कागदाचा कंदील करून दे, दिवाळीचा आकाशकंदील करतेस त्याच हातांनी, फक्त छोटा. गाणं तिला शाळेत शिकवलंच असेल, तिच्याकडून तूही पाठ करून घे, आणि पहिलं दार खालच्या आजींचं वाजव.

– तुझी ताई